जुने वायफाय कार्ड निकामी ठरवण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे शाळा, वाचनालये, पतसंस्था, वसतिगृहे अशा ठिकाणी वर्षानुवर्षे निमूट चालत आलेले पुष्कळ लॅपटॉप एकाएकी कालबाह्य ठरले. त्यांतील काहींवर कोणीतरी हौसेने विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी संगणक प्रणाली चढवतो. पडदा उजळतो, मराठी टंकलेखन होते, छपाई होते, फक्त वायफाय लागत नाही. मग ‘कार्ड गेले’ किंवा ‘लिनक्सवर वायफाय चालतच नाही’ असा शेरा बसतो आणि यंत्र भंगाराच्या वाटेला लागते. हा शेरा बहुतेक वेळा चुकीचा असतो. तो का चुकीचा असतो आणि त्यामागची खरी अडचण कुठे आहे, हे आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

मी निवृत्त शिक्षिका असून आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या संगणक कक्षाचे काम स्वेच्छेने पाहते. आमच्याकडे देणगीतून आलेले सात लॅपटॉप आहेत, सगळे २००७ ते २००९ या काळातले. विंडोजचा पाठिंबा संपल्यावर कार्यकारिणीने त्यांचे निर्लेखन करण्याचे, म्हणजे निकामी ठरवून नोंदीतून काढून टाकण्याचे, ठरवले होते. एक महिन्याची मुदत मागून घेऊन मी त्या सातही लॅपटॉपवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली चढवली. सातांपैकी दोघांचे वायफाय पहिल्याच दिवशी चालू झाले आणि पाचांचे झाले नाही. त्या पाचांतला एक गावातील दुरुस्तीच्या दुकानात पाठवला, तर चार दिवसांनी ‘कार्ड बाद आहे, नवीन मिळणार नाही, लॅपटॉप बदला’ असा निरोप आला. एकाच वयाच्या पाच लॅपटॉपची कार्डे एकाच आठवड्यात कशी बाद होतील, या साध्या शंकेपासून पुढचा सगळा शोध सुरू झाला.

लॅपटॉपमध्ये कोणते वायफाय कार्ड आहे, हे त्याच्या झाकणावरच्या कंपनीच्या नावावरून कळत नाही. लॅपटॉप बनवणारी कंपनी वेगळी आणि आतल्या कार्डाची चिप बनवणारी कंपनी वेगळी असते. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्येही निरनिराळ्या चिप सापडतात. खरी ओळख पटते ती टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टंकायच्या खिडकीत, ‘एलएसपीसीआय’ ही कमांड देऊन, आणि तिच्यापुढे मोकळी जागा सोडून वजाचिन्ह व दोन ‘एन’ टंकून. (कमांड अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायची असते, येथे मी तिचा उच्चार देत आहे.) उत्तरादाखल येणाऱ्या यादीत ‘नेटवर्क कंट्रोलर’ हे शब्द असलेली ओळ शोधावी आणि तिच्या शेवटी चौकटी कंसात असलेले दोन क्रमांक वहीत लिहून घ्यावेत. पहिला क्रमांक चिप बनवणाऱ्या कंपनीचा आणि दुसरा त्या चिपचा. आमच्या पाचांपैकी चार लॅपटॉपवर एकच जोडी दिसली, १४ई४:४३१५. यातील १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम ही कंपनी आणि ४३१५ म्हणजे तिची बीसीएम४३१२ ही चिप. पाचव्या लॅपटॉपवर ती ओळच आली नाही, त्याविषयी पुढे लिहिते. जे दोन विनासायास चालले, त्यांतल्या एकात इंटेलचे ३९४५ एबीजी हे कार्ड होते आणि दुसऱ्यात अथेरॉस कंपनीची चिप.

तीन कंपन्यांची तीन कार्डे एकाच टेबलावर, एकाच प्रणालीखाली तीन तऱ्हांनी वागत होती, आणि त्या वागण्याचे मूळ तारांत किंवा चिपमध्ये नव्हते. कोणतेही हार्डवेअर चालवण्यासाठी संगणकाला ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम लागतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण पुष्कळ वायफाय कार्डांवर स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो आणि त्याला चालवणारा वेगळा मजकूर लागतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. वीज गेली की हा मजकूर कार्डाच्या स्मृतीतून पुसला जातो, म्हणून संगणक सुरू होताना ड्रायव्हरने तो दर वेळी नव्याने कार्डात भरायचा असतो. विंडोजमध्ये हे फर्मवेअर कंपनीच्या ड्रायव्हरच्या पोटातच असल्यामुळे वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. लिनक्समध्ये ड्रायव्हर एकाचा आणि फर्मवेअर दुसऱ्याच्या मालकीचे, अशी परिस्थिती वारंवार येते. आमच्या अथेरॉस चिपला असे वरून भरायचे फर्मवेअर लागतच नाही, म्हणून ती लगेच चालली. इंटेलच्या कार्डाला फर्मवेअर लागते, पण ते इतरांना वाटण्याची परवानगी इंटेलने दिलेली असल्यामुळे ते डेबियनच्या स्थापनेच्या पेन ड्राइव्हमध्येच होते. ब्रॉडकॉमच्या त्या जुन्या चिपचे फर्मवेअर मात्र तिसऱ्या कोणी वाटायचे नाही, असा त्याचा परवाना आहे.

येथे डेबियनवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट नोंदवते. मुक्त नसलेले फर्मवेअर स्थापनेच्या संचात घालायचे की नाही, यावर त्या प्रकल्पात अनेक वर्षे गंभीर वाद चालला. अखेर २०२२ मध्ये सभासदांनी मतदान करून ते घालण्याचे ठरवले आणि १० जून २०२३ रोजी आलेल्या डेबियन १२ पासून तशी सोय झाली. पण ज्या फर्मवेअरच्या मालकाने वाटण्याचीच परवानगी दिलेली नाही, ते मतदानाने संचात येऊ शकत नाही. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेची ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणालीही डेबियनवरच उभी असल्याने ती वापरणाऱ्या संस्थांसमोरही हाच पेच येणार.

ब्रॉडकॉमच्या या चिपसाठी कंपनीने त्या काळी लिनक्सचा खुला ड्रायव्हर दिला नव्हता, तांत्रिक माहितीपत्रकेही नव्हती. तरीही आज तो ड्रायव्हर आहे, आणि तो कसा तयार झाला हे मला अतिशय महत्त्वाचे वाटते. काही स्वयंसेवकांनी कंपनीचा ड्रायव्हर कार्डाशी काय बोलतो याचा बारकाईने अभ्यास करून त्याचे वर्णन लिहून काढले. ज्यांनी मूळ ड्रायव्हर पाहिलाच नव्हता, अशा दुसऱ्या गटाने केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. कोणाच्या लेखनहक्काचा भंग होऊ नये म्हणून ही दोन गटांची शिस्त कसोशीने पाळली गेली. त्यातून आलेला पहिला ड्रायव्हर २००६ मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, २.६.१७ या आवृत्तीत दाखल झाला, आणि त्याची जागा जानेवारी २००८ मध्ये ‘बी४३’ या सुधारित ड्रायव्हरने घेतली. आमच्या बीसीएम४३१२ चिपच्या रेडिओला आधार मिळायला २००९ चा शेवट उजाडला. या ड्रायव्हरची निगा वर्षानुवर्षे राखणारे लॅरी फिंगर यांचे २०२४ मध्ये निधन झाले. आमच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुली आज ज्या जोडणीवरून प्रश्नसंच उतरवून घेतात, ती त्यांच्यासारख्यांच्या विनामोबदला श्रमांवर उभी आहे, हे मी त्या मुलींना मुद्दाम सांगितले.

ड्रायव्हर असा स्वकष्टाने लिहिता आला, फर्मवेअरचे तसे नव्हते. इटलीतील ब्रेशिया विद्यापीठात काही मोजक्या जुन्या चिपसाठी संपूर्ण खुले फर्मवेअर लिहिले गेले, पण आमची चिप त्यांत बसत नाही. म्हणून बी४३ च्या कर्त्यांनी एक वेगळी वाट काढली. कंपनीने स्वतः प्रसिद्ध केलेली एक ड्रायव्हर फाइल वापरणाऱ्याने आपल्या संगणकावर उतरवून घ्यायची आणि ‘एफडब्ल्यूकटर’ नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने तिच्या पोटातले फर्मवेअर कापून बाहेर काढायचे. नावाप्रमाणेच ती एक कात्री आहे. यात कोणी कोणाला फर्मवेअर वाटत नाही. प्रत्येक जण आपल्या यंत्रासाठी ते स्वतः कापून घेतो.

नेमकी येथेच सर्वसामान्य माणसाची कोंडी होते. ती फाइल इंटरनेटवरून आणायची, आणि इंटरनेट आणणारे कार्ड तर फाइलवाचून बंद. पूर्वी लॅन केबल लावून हे काम होत असे. आता वाचनालयात किंवा घरात मोकळा लॅन सॉकेट क्वचितच असतो. ज्यांना ही साखळी माहीत नाही ते ‘वायफाय दिसत नाही’ एवढेच पाहतात आणि दुकान गाठतात. दुकानदारालाही ती माहीत नसेल तर कार्ड बाद ठरते. त्या दुकानदाराने मुद्दाम फसवले असे मी म्हणणार नाही. विंडोजवर रोजचे काम करणाऱ्याने फर्मवेअर हा शब्द वायफायच्या संदर्भात कधी ऐकलेलाही नसेल.

या कोंडीतून सुटका आपल्या सर्वांच्या हातातल्या मोबाइलमध्ये आहे. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या, पण डेटाही वाहून नेणाऱ्या केबलने लॅपटॉपला जोडावा आणि फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर असलेले ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. लिनक्सला हा फोन लॅन केबलसारखाच दिसतो आणि कोणताही वेगळा ड्रायव्हर न घालता जोडणी मिळते. मोबाइल हॉटस्पॉटचा येथे उपयोग नाही, कारण तो वायफायनेच येतो. केबल लावणेच आवश्यक आहे. एवढे झाले की डेबियनच्या भांडारांची यादी असलेल्या ‘सोर्सेस.लिस्ट’ या फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘कॉन्ट्रिब’ हा शब्द वाढवावा, याद्या ताज्या करून घ्याव्यात आणि ‘फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर’ हे पॅकेज घालावे. फाइल आणणे, कात्री चालवणे आणि कापलेले तुकडे योग्य फोल्डरमध्ये ठेवणे ही तिन्ही कामे ते पॅकेज स्वतः करते. लिनक्स मिंट किंवा उबंटू वापरणाऱ्यांना हेच काम ड्रायव्हरच्या खिडकीतून, टंकलेखनाशिवाय करता येते, मात्र तेथे बहुधा कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर सुचवला जातो.

पहिल्या लॅपटॉपवर हे करण्याआधी मी कर्नलच्या नोंदी पाहिल्या होत्या. प्रशासकाच्या अधिकाराने ‘डीमेसेज’ ही कमांड दिली की त्या समोर येतात. तेथे लाल अक्षरांत स्पष्ट लिहिलेले होते की ‘बी४३/यूकोड१५’ नावाची फर्मवेअर फाइल सापडली नाही, आणि पुढच्याच ओळीत योग्य फर्मवेअर उतरवून घ्या अशी सूचनाही होती. कार्ड बाद असते तर ही ओळ आलीच नसती. ड्रायव्हरने कार्ड ओळखले होते, त्याच्याशी बोलणे सुरू केले होते आणि काय हवे आहे ते नाव घेऊन सांगितले होते. हे वाचता येण्यासाठी अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. माझी विनंती आहे की, कार्ड बाद असल्याचा शेरा मारण्यापूर्वी प्रत्येक दुरुस्तीवाल्याने आणि शाळेच्या संगणक शिक्षकाने ही एक ओळ शोधावी.

पॅकेज घातल्यावर बी४३ ड्रायव्हर एकदा काढून पुन्हा चढवला आणि वरच्या पट्टीवरच्या चिन्हात गावातली सहा-सात नेटवर्क दिसू लागली. दुसरा लॅपटॉपही असाच पंधरा मिनिटांत मार्गी लागला.

उरलेल्या तिघांच्या तीन निराळ्या तऱ्हा होत्या, आणि त्या इतरांच्याही वाट्याला येत असणार, म्हणून थोड्या तपशिलाने लिहिते. तिसऱ्यात फर्मवेअर व्यवस्थित बसले, पण चिन्ह मंदच राहिले. ‘आरएफकिल लिस्ट’ ही कमांड दिल्यावर ‘हार्ड ब्लॉक्ड’ पुढे ‘येस’ असे उत्तर आले. त्या काळच्या लॅपटॉपना वायफाय बंद करण्यासाठी कडेला एक खरीखुरी, सरकवायची कळ असे. देणगीत येताना झालेल्या हाताळणीत ती बंद बाजूला सरकली होती आणि धुळीने तिच्यावरची खूणही बुजली होती. नखाने ती पुढे सरकवली आणि कार्ड चालू झाले. प्रणालीतल्या कोणत्याही सेटिंगने ही कळ उघडत नाही, हे लक्षात ठेवावे. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ असेल तरच ते काम कीबोर्डवरून होते.

चौथा लॅपटॉप दुकानातून परत आलेला होता. तेथे कोणीतरी ब्रॉडकॉमचा ‘डब्ल्यूएल’ हा स्वतंत्र, बंदिस्त ड्रायव्हर घालून पाहिला होता. हा ड्रायव्हर प्रत्येक कर्नलसाठी त्या त्या यंत्रावरच बांधावा लागतो, आणि त्यासाठी कर्नलच्या ‘हेडर’ फाइली आधी असाव्या लागतात. त्या तेथे नव्हत्या, त्यामुळे ड्रायव्हर बांधलाच गेला नाही. मात्र त्याचे पॅकेज बसताना, एकाच कार्डावर दोन ड्रायव्हरनी हक्क सांगू नये म्हणून बी४३ ला बंदीच्या यादीत टाकते. ती बंदी तेवढी लागू राहिली. परिणामी एक ड्रायव्हर अस्तित्वात नव्हता आणि दुसऱ्याला मज्जाव होता. मी डब्ल्यूएलचे पॅकेज काढून टाकले, बंदीची फाइल गेल्याची खात्री केली, लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि बी४३ ने कार्ड ताब्यात घेतले. काही चिप डब्ल्यूएलशिवाय चालत नाहीत, हे खरे आहे, आणि तेथे तो वापरावाच लागतो. पण त्याची शेवटची आवृत्ती २०१५ च्या सुमाराची आहे, नव्या कर्नलबरोबर तो चालावा म्हणून वितरण करणाऱ्यांना दर वेळी ठिगळे लावावी लागतात, आणि २०१९ मध्ये त्यात सुरक्षेच्या गंभीर त्रुटीही आढळल्या होत्या. जेथे खुला ड्रायव्हर उपलब्ध आहे तेथे तोच वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. विंडोजचा ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवून दाखवणाऱ्या ‘एनडिसरॅपर’च्या वाटेला तर आता कोणी जाऊ नये, एके काळी त्याने पुष्कळांना तारले, परंतु आजच्या कर्नलबरोबर त्याचे जमत नाही.

पाचव्या लॅपटॉपच्या यादीत कार्डच दिसत नव्हते. मागच्या बाजूचे दोन स्क्रू काढून झाकण उघडले, तर बोटभर लांबीचे ते कार्ड आपल्या खाचेत किंचित तिरपे बसलेले होते आणि त्याच्या सोनेरी संपर्कपट्ट्यांवर काळसर थर होता. त्याच्यावर अँटेनाच्या दोन बारीक तारा, एक पांढरी आणि एक काळी, टिचकीच्या बटणासारख्या बसवलेल्या असतात. त्या कोणत्या टोकावर आहेत याचा फोटो आधी काढून ठेवला, बॅटरी बाहेर काढली, कार्ड सोडवले, पट्ट्या शाळकरी मुलांच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या आणि कार्ड पुन्हा नीट दाबून बसवले. यादीत तीच १४ई४:४३१५ ची ओळ आली. तारा विसरून झाकण लावले तर राउटरच्या शेजारी बसल्यावरच जोडणी मिळते आणि चार पावले दूर गेले की तुटते, म्हणून त्यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे.

राउटरच्या बाजूनेही थोडे जुळवून घ्यावे लागते. ब्रॉडकॉमची ही कार्डे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क त्यांना दिसतच नाही. राउटरवर केवळ डब्ल्यूपीए३ सुरक्षा ठेवली असेल तर त्यांची गाडी अडू शकते, डब्ल्यूपीए२ ठेवल्यास ती जोडली जातात. काही कार्डे अमेरिकेच्या नियमांप्रमाणे बांधलेली असल्याने आपल्याकडे चालणारे १२ आणि १३ क्रमांकाचे चॅनेल त्यांना वर्ज्य असते. आमचा राउटर स्वतःहून १३ वर गेला होता, तो ६ वर आणून ठेवला. वेगाबद्दल भ्रम नको. कागदोपत्री ५४ मेगाबिट, प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याहूनही कमी. परंतु वाचन, अर्ज भरणे, निकाल पाहणे, व्याख्यानाची चित्रफीत बघणे यासाठी तो पुरतो.

‘काही शे रुपयांत यूएसबीचा डोंगल मिळतो, मग एवढा खटाटोप कशाला’ असे मला आमच्याच कार्यकारिणीत विचारले गेले. प्रश्न रास्त आहे आणि घाईच्या वेळी डोंगल घेण्यात काहीच गैर नाही. पण बाजारात मिळणाऱ्या स्वस्त डोंगलच्या डबीवर आतली चिप कोणती हे बहुधा लिहिलेले नसते, आणि त्यांतील कित्येकांना लिनक्सवर याच प्रकारची अडचण येते; म्हणजे पैसे खर्चून तोच प्रश्न नव्या रूपात घरी आणायचा. आतले कार्ड बदलून जुने अथेरॉसचे कार्ड बसवणे हा त्याहून चांगला उपाय आहे, मात्र काही लॅपटॉपचे बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, ठरावीक कार्डांखेरीज दुसरे कार्ड दिसले की सुरू होण्यासच नकार देते, हे खरेदीपूर्वी तपासावे.

मला खरी चिंता वेगळ्याच गोष्टीची आहे. डेबियनचे ते पॅकेज जी फाइल आणते ती डेबियनच्या भांडारात नसते. ती अन्य ठिकाणी कोणीतरी ठेवलेली असते. ते ठिकाण बंद पडले तर सुस्थितीतली कार्डे कायमची मुकी होतील. ब्रॉडकॉमनेच सप्टेंबर २०१० मध्ये आपल्या काही नव्या चिपसाठी खुला ड्रायव्हर दिला आणि त्यांचे फर्मवेअर वाटण्याची परवानगीही दिली, म्हणजे असे करता येते हे सिद्ध झालेले आहे. जुन्या चिप तेवढ्या त्यातून बाहेर राहिल्या. ज्या वस्तूची विक्री थांबून दशक उलटले, तिचे फर्मवेअर जसेच्या तसे वाटू द्यायला आता कोणत्या व्यापारी गुपिताची आडकाठी असावी, हे मला समजत नाही. त्यात बदल करण्याची मुभा कोणी मागत नाही. ते स्थापनेच्या पेन ड्राइव्हमध्ये असावे, एवढेच मागणे आहे.

आपल्याकडे दुरुस्तीच्या हक्काविषयी केंद्र सरकारने २०२२ मध्ये संकेतस्थळ सुरू केले, ई-कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि सरकारी कामकाजात मुक्त स्रोत प्रणाली वापरण्याचे धोरण तर २०१५ पासून आहे. या तिन्हींत फर्मवेअरच्या परवान्याचा मुद्दा ठळकपणे यावा असे मला मनापासून वाटते. दुरुस्तीच्या हक्काची चर्चा सुटे भाग आणि स्क्रू यांच्याभोवती फिरते. आमच्या चार लॅपटॉपचा एकही भाग तुटलेला नव्हता, अडले होते ते परवान्यापाशी. जिल्हा परिषदा, शिक्षण विभाग आणि अनुदानित संस्था जेव्हा संगणकांच्या निविदा काढतात, तेव्हा ‘वायफाय चिपचे फर्मवेअर मुक्तपणे वितरित करता येण्याजोगे असावे’ ही एक अट त्यांनी घालावी. तिच्यासाठी जादा खर्च येत नाही, कारण अशा चिप बाजारात आजही आहेत. आणि निर्लेखनाच्या प्रस्तावासोबत जोडल्या जाणाऱ्या तपासणी अहवालात कार्डाचा क्रमांक व कर्नलच्या नोंदीतली ती ओळ लिहिणे बंधनकारक करावे, म्हणजे ‘कार्ड बाद’ या दोन शब्दांवर सही करण्यापूर्वी कोणालातरी ते यंत्र एकदा उघडून पाहावे लागेल.

आमच्या वाचनालयाच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये त्या सातही लॅपटॉपच्या नोंदींसमोर निर्लेखनाचा ठराव क्रमांक चढलेला होता. गेल्या सभेत तो ठराव रद्द झाला, कार्यवाहांनी लाल शाईने त्या क्रमांकांवर आडवी रेघ मारून सही केली, आणि शेऱ्याच्या रकान्यात मी प्रत्येक लॅपटॉपच्या कार्डाचा क्रमांक, घातलेल्या पॅकेजचे नाव आणि कडेची कळ कोणत्या बाजूला आहे, एवढे लिहून ठेवले आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, जि. सातारा